बँडसाठी सिंगल-कट गिटार: दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या दसऱ्याला घेतलेली सिंगल-कट (म्हणजे बॉडीला नेकजवळ एकाच बाजूला खाच असलेली) इलेक्ट्रिक गिटार लग्नसराई, 14 एप्रिलचे कार्यक्रम आणि मे महिन्याचं ऊन काढून आता पावसाळ्यात आली आहे. गणपती तोंडावर आहेत. लातूर भागातलं सगळं हवामान आणि सगळ्या तऱ्हेचे मांडव तिने बघितले, त्यामुळे आता तिच्याबद्दल ठामपणे लिहिता येईल. घेण्याआधी मी भरपूर व्हिडिओ बघितले होते. पण जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात, कीबोर्ड आणि ढोलकीच्या गर्दीत ही गिटार कशी वाजते, ते कुठेच ऐकायला मिळालं नाही.

आमचा बँड म्हणजे कीबोर्ड, बेस, ढोलकी, ऑक्टोपॅड, एक गायक, एक गायिका आणि गिटारवर मी. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाई हा आमचा टापू. लग्नातली गाणी, भीमगीतं, गणपतीतली ऑर्केस्ट्रा, कधी कॉलेजचं गॅदरिंग. स्वतःचा ॲम्प आम्ही नेत नाही. गिटार प्रोसेसरमध्ये (आवाजाला इफेक्ट देणारी पायाजवळची पेटी) आणि तिथून थेट मिक्सरमध्ये. याआधी माझ्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारा भाग) डबल-कट, म्हणजे दोन्ही बाजूंना खाच असलेली गिटार होती.

नवी गिटार मधल्या किमतीतली आहे: महोगनीची बॉडी, वर मेपलचा थर, चिकटवलेला नेक (गिटारचा लांब दांडा), दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप), चार नॉब, 22 फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे चांगलं-वाईट येईल ते या घडणीचं आहे आणि या घराण्यातल्या बहुतेक गिटारींना लागू पडेल. या घराण्याची सुरुवात गिब्सनच्या 1952 च्या लेस पॉलपासून झाली. पहिल्या मॉडेलवर पी-नाइंटी पिकअप होते, हंबकर 1957 मध्ये आले. ते काढले गिब्सनच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने. आमच्या कामाच्या दृष्टीने त्या माणसाचे फार उपकार आहेत. का, ते सांगतो.

आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तारच, त्यामुळे तारांच्या कंपनासोबत ती आजूबाजूच्या वायरिंगचा, ट्रान्सफॉर्मरचा, लाइटच्या डिमरचाही आवाज पकडते. घरात सराव करताना तो जाणवत नाही. मांडवात स्टेजच्या दोन्ही बाजूंना पारकॅनचे लाइट, मागे एलईडीची भिंत, खाली केबलचं जाळं आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा ठिकाणी डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) चालू केलं की सुरापेक्षा हमच, म्हणजे विजेची घूं घूं, मोठा होतो. हंबकरमध्ये दोन कॉइल असतात. दोन्ही उलट दिशेने जोडलेल्या आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलट. बाहेरून आलेला हम दोन कॉइलमध्ये एकमेकांच्या विरुद्ध येतो आणि मिटतो, तारांचा आवाज मात्र एकमेकांत मिळतो. तत्त्व एवढं साधं आहे, पण त्याने माझं काम बदललं. पूर्वी मी दोन ओळींच्या मध्ये सतत व्हॉल्यूम बंद करत असे. आता नॉब चालू ठेवून हात तारांवर ठेवला तरी शांतता असते. आमचे साउंडवाले मामा हम आला की लाइन चालू आहे असं ओळखायचे. पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी मिक्सरवरून विचारलं, “दादा, केबल लावली का?”

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हंबकर हम घालवतो, शॉक नाही. गिटारच्या तारा पुलामार्गे (ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग) केबलच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसलेल्या मांडवात तारांना हात आणि माइकला ओठ एकाच वेळी लागला तर झटका बसू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. मी कोरस गातो, म्हणून आधी टेस्टर लावून माइकची जाळी तपासतो, मगच जवळ जातो. गिटारला वायरलेस लावलं तर हा मार्गच तुटतो. गिटारवर साठ हजार घालणार असाल तर त्यातले थोडे वाचवून वायरलेस आधी घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता आवाज. दुकानात एकट्याने वाजवताना ही गिटार जाड, गोड, भरलेली वाटते आणि माणूस तिथेच भुलतो. बँडमध्ये कस लागतो तो वेगळ्या गोष्टीचा. आमच्या कीबोर्डवाल्याचे दोन्ही हात कायम चालू, स्ट्रिंग्ज आणि पॅडचा थर कायम अंथरलेला. वर ढोलकीची चाट आणि ऑक्टोपॅडची झांज. जुन्या गिटारचा चमकदार वरचा आवाज त्या झांजेत विरून जायचा. हंबकर मधल्या पट्टीत जोर देतो आणि तिथे जागा मिळते. एका कार्यक्रमानंतर ढोलकीवाले अण्णा आपणहून म्हणाले, “आता गिटार येगळी ऐकू यायलीय.” अण्णा सहसा ढोलकीशिवाय कशाबद्दल बोलत नाहीत, म्हणून मला ते मोलाचं वाटलं.

नेक पिकअपने (नेकजवळचा पिकअप, दुसरा ब्रिजजवळचा) मात्र सुरुवातीला त्रास दिला. मोठे बेस बिन लावलेले असले की त्याचे खालचे सूर बेसमध्ये मिसळून नुसता घुमारा होतो. यावर उपाय फुकटचा आहे. पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून नेक पिकअप खाली उतरवला, जाड तारांची बाजू जरा जास्त. मग त्याच्या एका कॉइलवर रांगेत असलेले सहा स्क्रू बारीक तारांखाली किंचित वर घेतले. आवाज मोकळा झाला. दोन व्हॉल्यूम नॉब असण्याचा फायदाही मला हळूहळू कळला: नेकचा व्हॉल्यूम सहावर ठेवून गायकामागे कॉर्ड धरायचे, ब्रिजचा दहावर ठेवून सोलो, आणि मधे फक्त स्विच. पायातल्या प्रोसेसरला हात न लावता गाणं पार पडतं. व्हॉल्यूम कमी केला की वरचे सूर थोडे दबतात, ही या वायरिंगची खोड आहे. टोन नॉबची तार व्हॉल्यूमच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडली की ती बरीच कमी होते. 1950 च्या दशकातल्या गिटारींत तशीच जोडणी असे. सोल्डरिंग येणारा कुणीही रेडिओवाला ते करून देईल.

आपल्या गाण्यांसाठी या गिटारचा सगळ्यात मोठा गुण मींडेचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. या घराण्याची स्केल लेंग्थ (तारेची वाजणारी लांबी) साधारण 24.75 इंच, फेंडर घराण्याची 25.5 इंच. त्याच तारा, त्याच सुरात लावल्या तर छोट्या लांबीवर ताण सुमारे 6 टक्के कमी येतो. आकडा किरकोळ वाटेल, पण चार तासांच्या कार्यक्रमात शेवटच्या तासाला बोट गंधारावरून मध्यमावर ओढताना तो फरक बोटाला कळतो. शिवाय पूल पक्का बसवलेला असल्यामुळे एक तार ओढली म्हणून बाकीच्या उतरत नाहीत. तरंगत्या ट्रेमोलोवर (स्प्रिंगवर हलणाऱ्या पुलावर) एक तार धरून दुसरी ओढली की धरलेली तार बेसूर होते. इथे ते होत नाही. शहनाईच्या किंवा सारंगीच्या जागा गिटारवर घ्यायच्या असतील तर याहून सोयीची घडण मला सापडलेली नाही.

आणि नेमकं तिथेच तिची मोठी अडचणही आहे. आमच्या गायिकेची पट्टी काळी चार. काळी चारचा वरचा सा पहिल्या तारेवर 16 व्या फ्रेटवर येतो आणि या गिटारचा नेक बॉडीला मिळतो तोही 16 व्या फ्रेटच्याच आसपास. म्हणजे सा पर्यंत हात मोकळा, पण त्यापुढचा रे 18 वर आणि ग 20 वर घ्यायला अंगठा नेकच्या मागून काढून सांध्याच्या जाड लाकडावर टेकवावा लागतो. जुन्या डबल-कटवर हा विचारही करावा लागत नव्हता. मी आता काळी चारच्या गाण्यांतल्या वरच्या जागा एक सप्तक खाली किंवा ओढून घेतो: 17 व्या फ्रेटवरून तार ओढून रे-ग गाठायचे. गायकाची पट्टी काळी एक आहे, तिथे ही अडचण येतच नाही. तुमच्या बँडमधली पट्टी आधी बघा, मगच या आकाराकडे वळा. काही कंपन्या सांध्याचं लाकूड तासून गोल करतात. हातात घेऊन 20 व्या फ्रेटपर्यंत जाऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

वजन. माझी गिटार 4.1 किलो भरते. या घराण्यात साडेतीन ते साडेचार किलो हे नेहमीचंच, आणि एकाच मॉडेलच्या दोन गिटारींतही अर्धा किलोचा फरक निघतो. पातळ पट्ट्यावर पहिल्या महिन्यात डावा खांदा भरून यायचा. तीन इंच रुंद, आतून मऊ चामड्याचा पट्टा लावल्यावर तक्रार थांबली. आधीच मानेचं दुखणं असेल तर आतून पोकळ्या ठेवलेली मॉडेलं बघा, नाहीतर फेंडरच्या टेलिकास्टरकडे वळा. तीही सिंगल-कटच, 1951 पासून त्या नावाने ओळखली जाते आणि सहसा हलकी असते. तिचे पिकअप सिंगल कॉइलचे. दोन्ही एकत्र लावले की बऱ्याच टेलिकास्टरमध्ये हम जातो, पण सोलोला एकच पिकअप लागतो आणि हम परत येतो. म्हणूनच मी ती सोडली. मन तिच्यावर होतं, हे मात्र खरं.

सुरात राहण्याबद्दल: पाच तारा ठीक, तिसरी तार त्रास देते. या हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाला) दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असतात, त्यामुळे मधल्या तारा नटमधून (त्याआधीच्या खाचा असलेल्या छोट्या पट्टीतून) बाहेर पडताना तिरक्या वळतात. ओढलेली तिसरी तार खाचेत अडकते आणि परत पूर्ण सुरात येत नाही. तारा बदलताना खाचेत शिसपेन्सिलीचं टोक घासून काळी पूड भरायची, एवढ्याने निम्मं दुखणं जातं. उरलेलं जायला मी कारागिराकडून खाच बारीक कानशीने रुंद करून घेतली.

हवामानाचं जरा जास्त लिहितो, कारण बाहेरच्या माहितीत आपलं हवामान नसतं. माझा फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) इंडियन लॉरेलचा आहे, म्हणजे आपल्या ऐनाच्या झाडाचं लाकूड. 2017 मध्ये शिसवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध कडक झाल्यावर बऱ्याच कंपन्या याकडे वळल्या. लाकूड चांगलं आहे, हाताला शिसवापेक्षा किंचित कोरडं लागतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ते आकसलं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटाला टोचू लागली. पहिल्यांदा बोट सरकवताना खरखर जाणवते तेव्हाच कारागिराकडे न्या, टोकं घासून घेतली की कायमचं मिटतं. फिंगरबोर्डला थोडं खनिज तेल चोळायचं, पुसून टाकायचं. केसमध्ये छिद्रं पाडलेल्या डबीत ओला स्पंज ठेवायचा, पाणी ठिबकणार नाही इतपत पिळलेला.

पावसाळा लागला की उलटं. नेक थोडा पुढे वाकला आणि तारा उंच झाल्या. तपासायची पद्धत सोपी: सहावी तार पहिल्या आणि सतराव्या फ्रेटवर दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात साधारण पाव मिलिमीटर, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक बदलणारी सळई) एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. आणि मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवून जेवायला जाऊ नका. आतली उष्णता चिकटवलेल्या नेकच्या सांध्याला सोसत नाही. आमच्या टेम्पोत गिटार नेहमी सगळ्यात शेवटी चढते आणि सगळ्यात आधी उतरते.

हेडस्टॉक हा या घराण्याचा नाजूक भाग. गिब्सनवर तो साधारण 17 अंश मागे झुकलेला असतो, काही कंपन्यांत कमी. झुकावामुळे तिथे लाकडाचे रेषे आखूड पडतात आणि त्यातच ट्रस रॉडसाठी खळगा कोरलेला. गिटार पाठीवर पडली की घाव बरोबर तिथे बसतो. मऊ बॅग टेम्पोसाठी नाही, हार्ड केसच घ्या. स्टेजवर खुर्चीला टेकवून ठेवायची नाही, स्टँड सोबत न्यायचा.

मे महिन्यात घामाने पुलाचे खोगीर (तारा टेकतात ते छोटे तुकडे) गंजू लागतात. कार्यक्रम संपला की मी सुती फडक्याने तारा, पूल आणि पिकअपची झाकणं पुसतो, मगच केस बंद करतो.

आता ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी. लातुरात या दर्जाच्या चार गिटारी एका ठिकाणी वाजवून बघायला मिळत नाहीत, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. जा, आणि दिवसभराचा वेळ ठेवून जा. बसून नाही, पट्टा लावून उभ्याने अर्धा तास वाजवा. दुकानातल्या महागड्या ॲम्पवर भुलू नका. स्वतःचा प्रोसेसर आणि हेडफोन सोबत न्या, कारण तुमचा आवाज शेवटी त्यातूनच येणार आहे. नेकची जाडी एकेका मॉडेलची वेगळी असते. बोटं लहान असतील तर जाड नेकवर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरून बघा, कारण काळी एक आणि काळी चारमध्ये मोकळ्या तारांचे कॉर्ड जवळजवळ मिळतच नाहीत. पी-नाइंटीवाली मॉडेलं आवाजाला फार सुंदर आहेत, पण तेही सिंगल कॉइलच. घरात किंवा रेकॉर्डिंगला घ्या, मांडवात नको.

जुनी घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून नटच्या मागची बाजू बघा. पॉलिशखाली केसासारखी रेष दिसली, रंगात गडद पट्टा दिसला किंवा नख फिरवताना कड लागली, तर तो नेक एकदा मोडून जोडलेला आहे. नीट जोडलेला असेल तर वर्षानुवर्षं टिकतो, पण किंमत त्या हिशेबाने निम्म्याच्या आसपास यायला हवी. नंतर चारही नॉब आणि स्विच फिरवून खरखर ऐका. खरखर असेल तर शंभर-दोनशे रुपयांच्या कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका.