लॅमिंग्टन रोडवरच्या चार एसएसडी आणि त्यांच्यातली कंट्रोलर चिप

गिरगावातील आमच्या डीटीपी कार्यालयासाठी दीड वर्षापूर्वी लॅमिंग्टन रोडवरून ५०० जीबीच्या चार एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे संगणकात माहिती साठवणाऱ्या वेगवान पट्ट्या, आणल्या. ब्रँडचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हे परीक्षण खोक्यावरच्या नावाचे नसून आतील कंट्रोलर चिपचे आणि ती बनवणाऱ्या सिलिकॉन मोशन या तैवानी कंपनीचे आहे. "साहेब, कंपनी बघा, जीबी बघा, आतली चिप कोण विचारतंय?" असे काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, आणि त्यांचे खरेच होते, कारण खोक्यावर चिपचा उल्लेखच नव्हता. छपाईचे ठिपके तपासण्याच्या भिंगाखाली पट्ट्या धरल्या तेव्हा तिघींवर एसएम२२६३एक्सटी ही अक्षरे दिसली. चौथीवर मात्र दुसऱ्याच कंपनीची चिप होती. मॉडेल तेच, किंमत तीच, खोकेही तेच.

एसएसडीत माहिती फ्लॅश मेमरीच्या सूक्ष्म पेशींत साठते. तिथे लिहिणे पानापानाने होते, पुसायचे झाले तर मात्र अनेक पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्यागणिक पेशी थोडी झिजते. कोणती माहिती कुठे ठेवली याची वही सांभाळणे, झीज सगळीकडे सारखी वाटणे आणि वाचताना झालेल्या चुका दुरुस्त करणे ही कामे कंट्रोलर करतो. एसएम२२६३एक्सटीला ही वही ठेवायला स्वतःची डीरॅम, म्हणजे झटपट चालणारी तात्पुरती मेमरी, नसते; तो संगणकाच्या रॅममधील थोडी जागा उसनी घेऊन काम भागवतो, म्हणून त्यावरची एसएसडी स्वस्तात बसते. दिवाळी अंकांच्या हंगामात, एकेका अंकाची शेकडो पाने आणि जाहिरातींच्या जड फाइली दिवसभर उघडझाप होत असताना, या तीन एसएसडींनी एकदाही अडवले नाही. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचा मोठा साठा एका दमात उतरवताना वेग निम्म्याहून खाली येतो, पण तो दोष चिपच्या माथी मारता येणार नाही. माहिती आधी पेशीमागे एकच बिट अशी झपाट्याने लिहिली जाते, ती राखीव जागा भरली की एका पेशीत अनेक बिट असे दाटीने लिहावे लागते, आणि स्वस्त एसएसडीत हे व्हायचेच.

आता धंद्याकडे. सिलिकॉन मोशन चिपची रचना करते, घडवून मात्र बाहेरच्या कारखान्यांतून घेते. तिचे उत्पन्न २०२२ मध्ये सुमारे ९४.६ कोटी डॉलर होते, संगणक आणि फोनची मागणी आटल्यावर २०२३ मध्ये ते ६४ कोटींच्या आसपास घसरले, आणि २०२४ मध्ये पुन्हा ८० कोटींवर आले. मधल्या काळात मॅक्सलिनिअर या अमेरिकी चिप कंपनीने सुमारे ३८० कोटी डॉलरला ही कंपनी घेण्याचे मे २०२२ मध्ये ठरवले होते. जुलै २०२३ मध्ये चीनच्या नियामकाची मंजुरी आली आणि त्याच दिवशी मॅक्सलिनिअरने करार मोडला. मांडव घातल्यावर वरपक्षाने पाठ फिरवावी तसा हा प्रकार होता, तरीही कंपनी सावरली.

माझ्या मते तिचे बरे दिवस आमच्यासारख्या गिऱ्हाइकांवर अवलंबून नाहीत. स्वस्त एसएसडीत चिप कोणाची आहे हे कोणी विचारत नाही, त्यामुळे फायसन किंवा चीनच्या मॅक्सिओ या प्रतिस्पर्धी कंपन्यांकडून चिप चार पैसे कमी भावात मिळाली की ब्रँडवाले खुशाल बदलतात. आमची चौथी पट्टी हा त्याचा पुरावा. याउलट फ्लॅश बनवणारे मोठे कारखानदार, लॅपटॉप कंपन्या आणि डेटा सेंटरवाले महिनोन्महिने चाचण्या घेतात, आणि एकदा पसंत पडलेली चिप सहजासहजी बदलत नाहीत. पेशीमागे चार बिट ठेवणाऱ्या क्यूएलसी फ्लॅशला चुकांची दुरुस्तीही अधिक ताकदीची लागते. सिलिकॉन मोशनचे नवे कंट्रोलर, म्हणजे सहा नॅनोमीटरच्या सूक्ष्म तंत्रावर घडवलेला एसएम२५०८ आणि डेटा सेंटरसाठीचा मॉनटायटन, यांचा रोख याच बाजारावर आहे. सॅमसंगसारखा कारखानदार स्वतःचे कंट्रोलर स्वतः करतो, म्हणून सगळाच धंदा या कंपनीला मिळेल असे मात्र नाही.

दुसरी चिंता फ्लॅशच्या तुटवड्याची आहे. २०२५ च्या अखेरीस एआयसाठीच्या डेटा सेंटरांकडे माल ओढला जाऊ लागला, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने क्रुशल या नावाने सामान्य गिऱ्हाइकांना होणारी विक्री बंद करण्याची घोषणा केली. फ्लॅशच मिळाली नाही तर छोट्या ब्रँडांना कंट्रोलर घेऊन तरी काय करायचे आहे? त्यामुळे पुढील काही तिमाहींत काउंटरवरचा धंदा आखडेल आणि बड्या गिऱ्हाइकांचा वाढेल, असा माझा अंदाज आहे.

चिपला मी पाचपैकी चार गुण देतो, ब्रँडला दोन. चौथी एसएसडी बदलून मागायला दुकानात गेलो, तेव्हा त्या गृहस्थांनी पावती पुढे सरकवली. तीवर ब्रँडचे नाव, ५०० जीबी आणि नग चार एवढेच लिहिलेले होते.