सोलापुरातली ऑप्टोमेट्री फेलोशिप : रेटिनोस्कोपीला पाच स्टार, काँटॅक्ट लेन्सला दीड

बी.ऑप्टोम. (डोळे तपासून नंबर काढायला शिकवणारी ऑप्टोमेट्रीची डिग्री) झाल्यावर फेलोशिप करू की सरळ चष्म्याच्या दुकानात लागू, हे विचारणारे मेसेज दर जून-जुलैत येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी सोलापुरातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात एक वर्ष केली. नाव मुद्दाम देत नाही, माझी माणसं अजून तिथं आहेत आणि खाली तक्रारीपण आहेत.

जाहिरातीत ‘रेसिडेन्सी’ लिहिलेलं बघून मी पण भारी समजले होते. अमेरिकेत रेसिडेन्सी म्हणजे ओडी (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री) ही 4 वर्षांची डिग्री झाल्यावरचं एक वर्ष, ते पण ज्याला करायचंय त्यानंच करायचं, आणि कोर्सला मान्यता द्यायला वेगळी कौन्सिल आहे. इथं तसलं काही नव्हतं, इथल्या कागदाला फेलोशिप सर्टिफिकेट म्हणतात आणि ती काय डिग्री नव्हे. डिग्रीच पाहिजे तर 2 वर्षांचं एम.ऑप्टोम. आहे, ते करा. स्टायपेंड महिना 12 हजार, जुळे सोलापुरात दोघी-तिघी मिळून रूम घेतली तर भागतं, घरी पाठवायला उरत नाही.

आता चांगलं काय ते. आमच्या सिनिअर मॅडम. पहिले दोन महिने मी तपासलेला प्रत्येक पेशंट त्या परत तपासायच्या, म्हणजे खरंच प्रत्येक, ओपीडी बाहेर पॅसेजपर्यंत गेली तरी. मी रेटिनोस्कोपी (डोळ्यात उजेड फिरवून नंबर काढायची तपासणी) करताना मागं उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, ‘हात कुठं चाललाय बघ, 50 सेंटिमीटरवर आलीस आणि वजा 1.50 च करतेस?’ आपण पेशंटपासून जितक्या अंतरावर, त्याप्रमाणे आलेल्या नंबरातून आकडा वजा करायचा असतो. कॉलेजात 67 सेंटिमीटरला 1.50 हे पाठ असतं, पण पेशंट रडकं पोरगं असलं की आपण नकळत पुढं सरकतो आणि मग 2.00 वजा करायला पाहिजे, हे चार वर्षांत मला कुणी दाखवलंच नव्हतं. इंटर्नशिपमध्ये ऑटोरेफ्रॅक्टरची (आपोआप नंबर काढणाऱ्या मशीनची) चिठ्ठी बघून लेन्स लावायची सवय लागली होती ती इथं मोडली.

दुसरा किस्सा पूर्व भागातल्या एका मामांचा. साठीच्या आसपासचे, आख्खं आयुष्य यंत्रमागावर. मी जवळचा नंबर नेहमीसारखा +2.50 ॲड (जवळचं दिसायला दूरच्या नंबरात मिळवायचा आकडा) दिला, कार्ड खडाखडा वाचलं, मी खूश. आठ दिवसांत परत हजर, ‘पेपर वाचता येतंय गं पोरी, पण तुटलेला धागा दिसंना.’ मॅडमनी ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली, मामांना माग धरल्यासारखं उभं केलं आणि मोजलं, 57 सेंटिमीटर. +2.50 नं 40 सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसणार, धागा त्याच्या पुढं! ॲड 1.75 वर आणला, ट्रायल फ्रेममध्येच मामा हसायला लागले. त्यानंतर मी विडी वळणाऱ्या बायकांना आधी विचारायची, सूप मांडीवर किती जवळ असतं ते. सोलापुरात शिकायचा फायदा हा, पेशंट धंदा घेऊन येतो. थोडी तेलुगू, थोडी कानडी आली तर सोन्याहून पिवळं. मला तेलुगूतलं ‘कनपडुतोंदा’ (दिसतंय का) एवढंच यायचं, त्यावर वर्ष काढलं.

गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत ओपीडी रिकामी असते, त्या दिवसांत मॅडमनी प्रिझम बार (चढत्या ताकदीच्या प्रिझमची पट्टी) घेऊन कव्हर टेस्ट (एकेक डोळा झाकून डोळे सरकतात का बघायची तपासणी) एकमेकींवर करायला लावली. माझ्याच डोळ्यात 8 प्रिझमचा एक्सोफोरिया (डोळे बाहेर वळायची लपलेली ओढ) निघाला. रात्री अभ्यास करताना डोकं दुखायचं ते उगाच चहावर ढकलत होते.

आता तक्रारी. कॅम्प. पहाटे सहाला गाडी निघायची, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडची गावं, एका दिवसात दीडशेच्या वर माणसं आणि आम्ही दोघी. काम असं की दृष्टी घ्यायची, मोतीबिंदू वाटला की बाजूला बसवायचं, पुढचा. सेवा आहे, मान्य, गावातल्या म्हाताऱ्यांना दुसरं कोण बघणार. पण महिन्यात आठ-आठ कॅम्प आणि त्याला ‘क्लिनिकल एक्स्पोजर’ म्हणायचं हे पटत नाही, कारण तिथं माझं चुकलं तर मला कळायचंच नाही, मागं तपासायला कुणी नसायचं. (कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र गाववाले पोटभर द्यायचे.)

काँटॅक्ट लेन्स तर विचारूच नका. जाहिरातीत ‘स्पेशालिटी लेन्स ट्रेनिंग’ छापलेलं. आपल्याकडच्या उन्हात-धुळीत ॲलर्जीनं डोळे चोळणारी पोरं किती, त्यातली काही केराटोकोनसची (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन टोकदार होतो तो आजार) निघतात, म्हणजे पेशंट होते. आरजीपीचा (कडक काँटॅक्ट लेन्सचा) ट्रायल सेट पण होता, कपाटात, किल्ली स्टोअरवाल्याकडं, आणि लेन्सवाले सर पुण्याहून महिन्यातनं एकदा यायचे. फ्लुरोसीन (निळ्या लाइटमध्ये चमकणारा रंग) टाकून निळ्या लाइटमध्ये लेन्स मध्ये टेकतेय का कडेला, हे वाचायला हाताखालून शंभर डोळे जायला पाहिजेत. माझे वर्षभरात 11 झाले. स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) दोनदा बघितली, नुसती बघितली, पहिल्यांदा सरांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाईन भरून लावली तरी बुडबुडा राहिला, तीनदा काढली, पेशंट आमच्यापेक्षा शांत होता. हेच शिकायचं असेल तर हैदराबाद, चेन्नईच्या मोठ्या संस्थांत प्रयत्न करा, हैदराबाद तर आपल्याला पुण्यापेक्षा थोडंच लांब आहे.

इंटरव्ह्यूला जाल तेव्हा स्टायपेंडच्या आधी दोन गोष्टी विचारा, माझा पेशंट परत कोण तपासणार आणि मागच्या बॅचनं स्वतःच्या हातानं किती लेन्स ट्रायल केल्या. आकडा सांगायला अडखळले तर समजून जा.

परवा नवीन बॅचमधल्या मुलीचा फोन आला होता, कपाटाची किल्ली आता ओपीडीच्या ड्रॉवरमध्ये असते म्हणे. अर्धा स्टार वाढवते, दोन करा.