सही नोव्हेंबरमध्ये की एप्रिलमध्ये?

अमेरिकेत बारावीला असलेल्या मुलाला बास्केटबॉलसाठी चार कॉलेजं बोलावताहेत. कॉलेजच्या करारावर नोव्हेंबरमध्येच लवकर सही करावी की एप्रिलपर्यंत थांबावं, असा एका पालकांचा प्रश्न आहे.

जागेची खात्री नोव्हेंबरमध्ये जास्त. मोठ्या कॉलेजांच्या संघात आता १५च जागा, आणि एप्रिलमध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) जोरात आलं की प्रशिक्षकांना शाळकरी पोरापेक्षा मुरलेला खेळाडू बरा वाटतो. अव्वल शाळकरी खेळाडू कूपर फ्लॅगने २०२३च्या ऑक्टोबरमध्येच ड्यूक विद्यापीठ जाहीर केलं नि मोकळा झाला.

पण प्रशिक्षकांची अदलाबदल होते मार्च-एप्रिलमध्ये. ज्याच्या शब्दावर सही केली, तोच गेला तर? थांबणाऱ्याला हे आधी कळतं. कॉलेजकडून मिळणाऱ्या पैशांची बोलणी? ताणता येतात, पण अगदी वरच्या मुलांनाच.

मुलगा देशाच्या क्रमवारीत पहिल्या विसात असेल तर खुशाल थांबा. पन्नाशीच्या आसपास असेल तर नोव्हेंबर सोडू नका.