परळची जेनेटिक लॅब: रिपोर्ट ठीक, काउन्सेलर मॅडम एक नंबर

दादाला चाळिशीच्या आतच पेसमेकर बसला, अँजिओग्राफीत ब्लॉकेज एकही नाही, मग कार्डिओलॉजिस्ट म्हणाले जीन पॅनल (आजाराशी संबंधित बरेच जीन एकदम तपासणारी रक्ताची टेस्ट) करून घ्या, म्हणून परळच्या एका लॅबमध्ये गेलो. नाव टाकत नाही, कारण खाली थोडी तक्रार पण आहे.

आधी चांगलं. रक्त घ्यायच्या आधी काउन्सेलर मॅडमनी कागदावर घराण्याचा तक्ता काढला, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कुणाला काय झालं सगळं खोदून खोदून विचारलं. काका झोपेतच गेले होते हे वहिनीला पण तिथेच कळलं. मग दादाला म्हणाल्या हात सरळ करा, आणि कोपर पूर्ण सरळ होईचना! आम्हाला वाटायचं लहानपणी पडला होता त्याचं असेल. हनुवटी छातीला टेकवायला सांगितली, ते पण जमेना. ताकद कमी व्हायच्या आधी सांधे आखडणं आणि हृदयाच्या ठोक्यांची वायरिंग बिघडणं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की एमरी-ड्रायफस नावाचा स्नायूंचा आनुवंशिक आजार डोक्यात येतो म्हणे.

रिपोर्टमध्ये एलएमएनए जीनमध्ये दोष निघाला. हा जीन लॅमिन ए आणि सी ही प्रोटीन्स बनवतो, त्यांची जाळी पेशीच्या केंद्रकाला आतून असते, पिशवीला अस्तर असतं ना तशी. ती कमकुवत झाली की केंद्रक ताण सोसत नाही, आणि हृदय तर दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावतं. मी विचारलं, हे प्रोटीन बहुतेक सगळ्या पेशींत आहे तर मार हृदयाला आणि स्नायूंनाच का? मॅडम सरळ म्हणाल्या, पूर्ण उत्तर अजून नाही, ताण हे एक कारण आणि कुठले जीन चालू कुठले बंद यात पण ही जाळी असते ते दुसरं. याच जीनमधल्या वेगळ्या बदलाने प्रोजेरिया होतो, लहान मुलं भराभर म्हातारी दिसतात तो आजार, ते 2003 मध्ये सापडलं आणि 2020 मध्ये अमेरिकेत त्यावर लोनाफार्निब हे औषध मंजूर झालं. दादाच्या आजाराला ते लागू नाही हे त्यांनी आम्ही आशा लावायच्या आधीच सांगून टाकलं, बरं केलं.

कामाचं काय निघालं तर नुसता पेसमेकर पुरेल की धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं आयसीडी हे यंत्र लागेल हे डॉक्टरांना आता ठरवावं लागणार. मुलांमध्ये हा दोष जायची प्रत्येकी 50 टक्के शक्यता. घरच्यांना पूर्ण पॅनल नको, तेवढाच एक बदल तपासायचा, ते बरंच स्वस्तात होतं. माझं सॅम्पल दिलंय.

आता तक्रार. रिपोर्ट आधी व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून आला, काउन्सेलिंगची वेळ त्यानंतर, आणि मधल्या काळात वहिनीने गुगल करून रडून घर डोक्यावर घेतलं. असा रिपोर्ट माणसाला समोर बसवूनच द्यायला हवा ना राव! रिसेप्शनचा फोन उचलत नाहीत, आणि मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केले तेव्हा यांनी साधं पत्र द्यायला पण टोलवाटोलवी केली.

जाणार असाल तर जुने ईसीजी, होल्टर (दिवसभराच्या ठोक्यांचं रेकॉर्डिंग), इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळं बरोबर न्या आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस न्या, कोण कधी कसं गेलं हे त्यांनाच माहीत असतं.