परदेशी कराचे क्रेडिट मिळवून देणारे सनदी लेखापाल

लंडनमधील सदनिका विकल्यावर भांडवली नफ्यावरील कर ब्रिटनमध्ये भरला होता, तरीही परदेशी कराचे क्रेडिट मागण्याचा फॉर्म 67 उशिरा दाखल झाल्याचे कारण देऊन त्याचे क्रेडिट, म्हणजे भारतातील करातून तेवढी वजावट, इथे नाकारले गेले. डेक्कनवरील या सनदी लेखापालांनी अपिलात दुहेरी कर टाळण्याचा भारत-ब्रिटन करार आणि फॉर्म वेळेत भरण्याची अट केवळ निर्देशात्मक, म्हणजे बंधनकारक नसल्याचा मद्रास उच्च न्यायालयाचा 2023चा निकाल मांडला, आणि क्रेडिट मिळाले. पौंडांचे रुपये करताना, कर ज्या महिन्यात भरला त्याच्या आदल्या महिनाअखेरचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक परकीय चलन ज्या दराने विकत घेते तो) त्यांनी पावतीसह जोडला. दोन्ही देशांतील करांपैकी कमी असलेल्या रकमेइतकेच क्रेडिट मिळेल, हेही आधीच बजावले. शुल्क मात्र घसघशीत आहे, आणि फोन उचलण्याच्या बाबतीत सगळा आनंदच आहे.