चोर्ला घाटात तापलेली गाडी आणि केरीचे एक छोटे गॅरेज

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही सहाजण, त्यांत चौऱ्याहत्तर वर्षांची आई आणि दोन मुले, गोव्यातील डिचोलीहून पंढरपूर आणि तुळजापूरला निघालो होतो. साखळी, केरी मागे टाकून चोर्ला घाट चढू लागलो आणि अर्ध्या वाटेवर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफ आणि तिच्यासोबत कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, गोडसर वास येऊ लागला, तेव्हा मी वळण ओलांडून जरा रुंद जागी गाडी घेतली व इंजिन बंद केले. चढणीवर एसी चालू ठेवण्याचा हट्ट माझाच होता, हेही येथे नोंदवून ठेवतो.

विम्यासोबत रस्त्यावरील मदतीचे जादा पैसे मी दरवर्षी भरतो, म्हणून पहिला फोन तेथे केला. फोनला रेंज मिळावी म्हणून एक वळण पायी चढावे लागले. पलीकडून पिन कोड विचारला, मग जवळची खूण विचारली. खालच्या अंगाला अंजुणे धरणाचे पाणी दिसते, यापलीकडे कोणती खूण सांगणार? एका तासात वाहन येईल असे आश्वासन मिळाले. दीड तासाने कळले की, हे वाहन गोव्यातून पाठवायचे की बेळगावहून, याचाच निर्णय अजून झालेला नाही. तोपर्यंत मुलांनी दिवाळीच्या उरलेल्या फोवांचा (पोह्यांचा) डबा संपवला होता आणि माकडे कठड्यावर येऊन बसली होती.

अखेर बेळगावची भाजी गोव्यात उतरवून रिकामा परतणारा एक टेम्पोवाला थांबला आणि त्याने केरीच्या या गॅरेजचा नंबर दिला. पाऊण तासाच्या आत गॅरेजचे मालक मदतनीस मुलाला मागे बसवून, हत्यारांची पिशवी आणि कूलंटचा कॅन घेऊन दुचाकीवर आले. आल्याआल्या त्यांनी रेडिएटरला हाताचा पालथा पंजा लावून पाहिला, मग झाकणावर फडके टाकून ते आधी जरासेच फिरवले, उरलासुरला दाब फुसकन निघून जाऊ दिला आणि नंतरच ते पूर्ण काढले. इंजिन गरम असताना रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते आणि झाकण एकदम उघडल्यास उकळते पाणी तोंडावर उडते. मी आधी उघडले नव्हते ना, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

दोष फार मोठा नव्हता. रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला क्लिपेजवळ चीर गेली होती. त्यांनी चिरलेले टोक दोन बोटे कापून टाकले, उरलेला पाइप नव्या क्लिपेने आवळला, कूलंट भरले आणि हीटर लावून इंजिन चालू ठेवत आतली हवा बाहेर काढली. हा जोड पंढरपूरपर्यंत नेण्याचा नाही, असे त्यांनी कोकणीत स्पष्ट बजावले. आम्ही हळूहळू केरीला उतरलो, मदतनीस डिचोलीहून नवा पाइप घेऊन आला आणि दुपारी दोनला आम्ही पुन्हा घाट चढलो.

एकूण खर्च 2,360 रुपये आला: पाइप 780, कूलंट 620, क्लिपा 60 आणि घाटात येण्यासह मजुरी 900. जुना पाइप त्यांनी न मागता माझ्या हातात ठेवला. महिनाभरापूर्वी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने याच गाडीचा रेडिएटर बदलण्याचा सल्ला दिला होता. त्याविषयी विचारले असता, रेडिएटर ठणठणीत आहे, एवढेच ते म्हणाले.

उणिवाही आहेत. बिल कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहून मिळाले, विमा कंपनीकडे ते चालणार नाही. बसायला एक बाक आहे, पण त्यावर टायर रचलेले होते. स्वच्छतागृह नाही, आईला शेजारच्या घरी विनंती करून न्यावे लागले, आणि त्या घरच्या बाईंनी चहाही दिला, हे गॅरेजच्या खात्यात धरता येत नाही. वयस्कर माणसे सोबत असतील तर थांबण्याची सोय केरीच्या बाजारात पाहावी.

या गॅरेजला पाचपैकी चार गुण देतो. सुमारे हजार किलोमीटर फिरून चौथ्या दिवशी परतताना मुद्दाम थांबलो, तेव्हा त्यांनी बॉनेट उघडून कूलंटची पातळी पाहिली, क्लीप एक आटा आवळली आणि पैसे घेतले नाहीत.