गणपत गल्लीतल्या मावशींनी केलेले फुलांचे दागिने

लेकीच्या डोहाळजेवणाला कापडी फुलांचे दागिने भाड्यानं आणू या, असं घरात सगळ्यांचं म्हणणं. मला ताज्या फुलांचेच हवे होते. चार दिवस आधी बेळगावात गणपत गल्लीत गेले. तिथं रस्त्याकडेला एक मावशी फुलं घेऊन बसतात.

मी मोगरा आणि निशिगंध सांगून टाकला. मावशींनी हातातली माळ खाली ठेवली. "पोरीला वास सोसतोय काय?"

सातवा महिना लागला तरी फोडणीच्या वासानं तिला मळमळतं. हे माझ्या, तिच्या आईच्या, ध्यानात आलं नव्हतं. "मग अबोली घ्या ताई. तिला वासच नाही. हिरव्या शालूवर दिसतीय पण झकास." मोगऱ्याच्या कळ्या त्यांनी फक्त वेणीत घातल्या, मानेच्या मागं, नाकापासून लांब. निशिगंध काढूनच टाकला.

मुकुट, कंठी, बाजूबंद, कमरपट्टा, हातात धरायला धनुष्यबाण, सगळं केळीच्या सोपाच्या दोरीत गुंफलेलं. दोऱ्यासारखं कुठं टोचलं नाही. बाजूबंदात अबोलीच्या मधोमध गुलाबाची एकेक कळी. इतकी एकसारखी गुंफण मी आजवर पाहिली नव्हती.

कमरपट्टा मात्र चार बोटं कमी पडला. मापाला नाडा दिला होता, तरीही. मागं हिरवी फीत बांधून निभावलं. आणि नऊची वेळ ठरलेली असताना दागिने हातात पडायला पावणेदहा झाले. पंगतीच्या दिवशी हे जिवावर येतं. साडेआठशे रुपये घेतले. कामाच्या मानानं मला जास्त वाटले नाहीत.

मी थांबले होते तेवढ्यात गिऱ्हाइकं येत होती. एकीशी कानडीत कनकांबर, दुसरीशी मराठीत अबोली, फूल तेच. सोमवार होता, कपिलेश्वराला जाणाऱ्यांच्या पुड्यात बेल आणि पांढरी फुलं. एका पोरानं केवडा मागितला, तर आधी "कुठल्या देवाला?" म्हणून विचारलं. केतकीनं ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली, म्हणून महादेवानं ती टाकली, ही गोष्ट त्याला उभ्या उभ्या सांगितली आणि बेलाचा पुडा दिला.

लेक चार तास दागिन्यांत बसली, एकदाही उठावं लागलं नाही. रात्री बाजूबंद ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. तिसऱ्या दिवशी वेणीतला मोगरा तपकिरी पडला होता, बाजूबंदातली अबोली अजून केशरी होती.

बारशाच्या पाळण्याची फुलं मावशींनाच सांगणार आहे. वेळ मात्र तासभर आधीची सांगेन.